‘सहा वर्षांनी’ : शुगर असलेल्यांसाठी आयुर्मानाचं पत्रक काढताना

चार पानांचं एक मराठी पत्रक. विषय टाईप २ मधुमेह आणि आयुर्मान. ऑगस्ट २०२४ मध्ये काम हाती घेतलं तेव्हा दिवाळीपर्यंत छापून होईल असं वाटलं होतं. हजार प्रती हातात आल्या त्या एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात. काम करणारे चौघं: एक मधुमेह समुपदेशक, एक संख्याशास्त्र शिकवणारी, एक फार्मासिस्ट आणि एक डीटीपी करणारा. कुणाला आपल्या दवाखान्यासाठी किंवा रुग्णांच्या गटासाठी असं काही काढायचं असेल तर कुठे किती वेळ जातो, पैसे कुठे लागतात आणि रुग्ण कुठे अडखळतो, हे आधी माहीत असलेलं बरं. म्हणून घडलं तसं क्रमाने लिहीत आहोत.

सुरुवात आकड्यांपासून केली नाही, ऐकण्यापासून केली. नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात डॉक्टरांची परवानगी घेऊन दोन शनिवार बाहेरच्या बाकांवर बसलो. ज्यांना बोलायचं होतं त्यांना एकच प्रश्न विचारला: ‘शुगर आणि आयुष्य यांबद्दल आजवर काय ऐकलं?’ उत्तरं वहीत त्यांच्याच शब्दांत लिहून घेतली. ‘दहा वर्षं जातात.’ ‘सहा वर्षं कमी.’ ‘हार्टचा धोका दुप्पट.’ ‘शुगर म्हणजे वाळवी, आतून पोखरते.’ जवळजवळ प्रत्येकाकडे एखादा आकडा होता. कुणी तो डॉक्टरांकडून ऐकलेला, कुणी जावयाकडून, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवरून. पण हा आकडा कुणाबद्दलचा, कोणत्या वयापासूनचा, कुणाच्या तुलनेत, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. यात रुग्णांची चूक नाही. डॉक्टरांचीही फारशी नाही. एका रुग्णाला मिळणाऱ्या पाच-सात मिनिटांत गोळ्या, पाय, डोळे आणि जेवण यांतच वेळ संपतो, आणि आकडा घाईत, बहुतेक वेळा धाक घालण्यासाठी, टाकला जातो. धाक दोन-तीन आठवडे टिकतो. मग माणूस एकतर गोळ्या सोडतो, किंवा ‘जायचंच आहे तर खाऊन जाऊ’ म्हणतो. ही दोन्ही वाक्यं त्या वहीत आहेत.

सप्टेंबर आकडे जमवण्यात गेला. बाजारात फिरणारा ‘सहा वर्षं’ हा आकडा खोटा नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणातून तो आला. त्यात ९७ अभ्यासांतल्या ८,२०,९०० लोकांची माहिती होती, आणि निष्कर्ष असा की पन्नाशीत मधुमेह असलेला माणूस मधुमेह नसलेल्या त्याच वयाच्या माणसापेक्षा सरासरी सहा वर्षं आधी जातो. त्या फरकातला सुमारे ४० टक्के भाग हृदय आणि रक्तवाहिन्यांबाहेरच्या कारणांचा होता. हा भाग दवाखान्यात कुणी सांगत नाही, म्हणून तो मुद्दाम पत्रकात घेतला.

त्याच संशोधक गटाचं २०२३ चं विश्लेषण जास्त उपयोगी पडलं, कारण त्यात निदानाचं वय धरलं आहे. १९ श्रीमंत देशांतल्या सुमारे १५ लाख लोकांची ती माहिती. अमेरिकेतले मृत्युदर धरले तर वयाच्या ३० व्या वर्षी निदान झालेल्यांचं आयुष्य सरासरी १४ वर्षं, ४० व्या वर्षी निदान झालेल्यांचं १० वर्षं आणि ५० व्या वर्षी निदान झालेल्यांचं ६ वर्षं कमी भरतं. युरोपचे मृत्युदर धरले तर हेच आकडे १३, ९ आणि ५ होतात. म्हणजे माणसं तीच, आजार तोच, फक्त मागचा देश बदलला की एक वर्ष इकडे-तिकडे. आपल्याकडे तर शुगर निघतेच लवकर, आणि या १९ देशांत भारत नाही. तेव्हा यातला नेमका आकडा उचलून नागपूरच्या माणसाला चिकटवायचा नाही, दिशा तेवढी घ्यायची: निदान जितकं लवकरच्या वयात, तितकं काळजीपूर्वक राहायला हवं. दर दहा वर्षं आधी निदान म्हणजे सरासरी तीन-चार वर्षांचा फरक, असं ते विश्लेषण सांगतं.

तिसरा अभ्यास स्वीडनचा, २०१८ चा, आणि आमच्या मते पत्रकाचा कणा तोच. तिथल्या राष्ट्रीय नोंदवहीतल्या टाईप २ च्या २,७१,१७४ रुग्णांचे पाच घटक पाहिले गेले: तीन महिन्यांची सरासरी शुगर म्हणजे एचबीएवनसी, एलडीएल कोलेस्टेरॉल, रक्तदाब, लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि धूम्रपान. ज्यांचे पाचही घटक मर्यादेत होते, त्यांचा मृत्यूचा धोका मधुमेह नसलेल्यांपेक्षा किंचितच जास्त निघाला. मृत्यूशी सर्वांत घट्ट नातं शुगरचं नव्हतं, धूम्रपानाचं होतं. ‘सहा वर्षं’ सांगून हे न सांगणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं. डेन्मार्कमधल्या एका छोट्या अभ्यासात, लघवीत अल्ब्युमिन जाऊ लागलेल्या १६० रुग्णांपैकी निम्म्यांवर सुमारे आठ वर्षं सगळ्या आघाड्यांवर एकत्र उपचार झाले. एकवीस वर्षांनंतर पाहिलं तर त्या गटाचं आयुष्य दुसऱ्या गटापेक्षा ७.९ वर्षांनी जास्त होतं. हा आकडा आम्ही पहिल्या पानावर ठेवणार होतो. नंतर आत घेतला. १६० माणसांच्या अभ्यासावर एवढा भार टाकणं बरोबर नाही.

प्रत्येक आकड्याशेजारी चार गोष्टी लिहायच्या हा नियम इथेच ठरला: कुणाचा, कोणत्या वयाचा, कोणत्या देशाचा, कधीचा. यातली एकही सापडली नाही तर तो आकडा वगळायचा. या नियमाने अर्धे आकडे गळाले, आणि पत्रक सहा पानांवरून चारवर आलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कच्चा मसुदा झाला. त्यातलं मुख्य वाक्य होतं: ‘मधुमेहामुळे आयुर्मान सरासरी ६ वर्षांनी कमी होते.’ पुस्तकी मराठीत या वाक्यात खोट काढता येत नाही. समुपदेशकाने ते घरी आईला वाचून दाखवलं. आईने विचारलं, ‘सहा वर्षांनी? म्हणजे सहा वर्षं काही होत नाही, मग कमी व्हायला लागतं?’ मराठीत ‘सहा वर्षांनी’ म्हणजे सहा वर्षं उलटल्यावर. ‘लग्नानंतर सहा वर्षांनी मुलगा झाला’ असं आपण रोज बोलतो. तोच शब्द मापासाठी वापरला की अर्थ पार फिरतो, आणि घाबरलेल्या माणसाला तर सगळ्यांत वाईट अर्थच आधी दिसतो. त्या दिवसापासून मसुद्यातला प्रत्येक ‘वर्षांनी’ आणि ‘टक्क्यांनी’ काढून टाकला. (वर डेन्मार्कच्या अभ्यासाबद्दल लिहिताना तो आमच्याही हातून सुटला आहे, तसाच राहू दिला, म्हणजे किती सहज निसटतो ते दिसेल.)

‘आयुर्मान’ हा शब्दही गेला. बऱ्याच जणांना तो ‘वय’ वाटला. त्याऐवजी ‘माणसं सरासरी किती वर्षं जगतात’ असं लांब पण सरळ लिहिलं.

दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी ओसरल्यावर सोमवारी, १४ ऑक्टोबरला, एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीकडे अर्ज दिला. अनेकांना वाटतं की पत्रकाला कसली परवानगी? छापून वाटायला लागत नाही. पण ते रुग्णांना वाचायला देऊन, त्यांची उत्तरं नोंदवून पुढे कुठे मांडायची असतील, तर परवानगी आधी घ्यावी. नंतर मिळत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तपासणीचे तीन मार्ग आहेत: सूट, जलद तपासणी आणि पूर्ण समिती. धोका अगदी कमी असलेल्या कामाला सूट किंवा जलद मार्ग मिळू शकतो. मात्र तो आपण ठरवायचा नाही, समितीचे सचिव ठरवतात. अर्जाच्या पत्रातच ‘जलद तपासणीसाठी विचार व्हावा’ असं लिहून कारण द्यावं. आम्ही लिहिलं नाही, आणि फाईल पूर्ण समितीच्या बैठकीच्या रांगेत लागली.

फाईलमध्ये लागलेले कागद: विनंतीपत्र, कामाचा आराखडा, पत्रकाचा मसुदा, विचारायचे प्रश्न, माहितीपत्र आणि संमतीपत्र मराठी, हिंदी व इंग्रजीत, भाषांतर आणि उलट-भाषांतराचं प्रमाणपत्र, प्रत्येकाची शैक्षणिक माहिती, विभागप्रमुखांचं ना-हरकत पत्र. उलट-भाषांतर म्हणजे मराठी मजकूर दुसऱ्या माणसाकडून परत इंग्रजीत करून घेणं. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण ‘वर्षांनी’चा घोळ आईने पकडला नसता तर तिथे नक्की पकडला गेला असता. शुल्क ५,००० रुपये, झेरॉक्स आणि बांधणीचे ६४०.

बैठक दिवाळीआधी होती, ती पुढे गेली. नोव्हेंबर विधानसभेच्या निवडणुकीत गेला, सदस्य जमेनात. पत्र आलं ९ डिसेंबरला, आठ आठवड्यांनी. त्यात तीन हरकती. पहिली, मृत्यूबद्दल वाचून कुणी खचलं तर काय कराल? दुसरी, नातेवाइकांनी ‘यांना सांगू नका’ म्हटलं तर? तिसरी, संमतीपत्राची भाषा अवघड आहे. पत्र वाचून दोन दिवस मन उतरलं होतं. मग लक्षात आलं की पहिल्या दोन हरकतींची उत्तरं आमच्याकडे खरंच नव्हती, आणि ती नसताना रुग्णांसमोर जाणं चुकीचंच ठरलं असतं.

त्या उत्तरांनी पत्रकाचं रूपच बदललं. आकडे आता उघड्यावर नाहीत. पहिल्या पानावर फक्त एक प्रश्न आहे: ‘शुगर असलेली माणसं सरासरी किती वर्षं जगतात, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे का?’ खाली तीन चौकटी: हो, आज नको, कधीच नको. आकडे आतल्या घडीत. ‘आज नको’ म्हणणाऱ्यासाठी शेवटचं पान स्वतंत्रपणे पुरेसं आहे. त्यावर पाच घटक आणि पुढच्या तपासण्या, एकही मृत्यूचा आकडा नाही. नातेवाइकांसाठी समुपदेशकाचं वाक्य ठरवलं: ‘तुमची काळजी कळते. त्यांना किती ऐकायचं आहे ते आपण त्यांनाच विचारू, जास्त एक शब्द सांगणार नाही.’ हे वाक्य मुलासमोर आणि वडिलांसमोर दोघांच्या देखत बोलायचं, बाजूला घेऊन नाही. खचलेल्या माणसासाठी त्याच दिवशी वीस मिनिटं राखीव आणि तिसऱ्या दिवशी फोन, असं लेखी दिलं.

उत्तर १८ डिसेंबरला स्वतः नेऊन दिलं. हिवाळी अधिवेशन चालू होतं, सिव्हिल लाईन्सकडचे रस्ते बंद, वीस मिनिटांच्या वाटेला सव्वा तास लागला. अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात कागद द्यायचे असतील तर ईमेलने चालतं का ते आधी विचारून घ्या. मंजुरी ३ जानेवारीला आली.

जानेवारी आणि फेब्रुवारीत रुग्णांकडून पत्रक वाचून घेण्याच्या तीन फेऱ्या झाल्या, प्रत्येकीत आठ माणसं. वाचून झाल्यावर ‘समजलं का?’ असं विचारायचं नाही. सगळे ‘हो’ म्हणतात. विचारायचं असं: ‘हे घरी जाऊन वहिनींना सांगायचं तर कसं सांगाल?’ मग गप्प बसायचं. माणूस सांगायला लागतो, आणि आपलं वाक्य कुठे मोडलं ते लख्ख दिसतं.

पहिल्या फेरीत मौद्याकडून आलेले एक काका होते. वय सहासष्ट, शेती. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि बोटांवर मोजायला लागले. मग हळूच म्हणाले, ‘मॅडम, सत्तरातून सहा गेले त चौसष्ट. मी त सहासष्टचा हाव. म्हणजे माया टाइम त होऊनच गेला ना?’

चूक त्यांच्या हिशेबात नव्हती, आमच्या मांडणीत होती. मसुद्यात वर लिहिलं होतं की भारतात सरासरी आयुर्मान सुमारे ७० वर्षं, महाराष्ट्रात सुमारे ७३. खाली लिहिलं होतं की मधुमेहात सहा वर्षं कमी. कुणीही वजाबाकीच करणार. पण ७० हा आकडा जन्मलेल्या बाळापासून मोजलेला आहे. लहानपणी गेलेली मुलं आणि तरुणपणी अपघातात गेलेली माणसंही त्यात आली. जो साठीपर्यंत पोचला त्याने हे सगळे टप्पे पार केलेले असतात. सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीच्या (एसआरएस) आकड्यांप्रमाणे भारतात साठ वर्षांच्या माणसापुढे सरासरी आणखी सुमारे १८ वर्षं असतात. आणि सहा वर्षांचा फरक पन्नाशीतल्या माणसाचा होता. शुगर जितकी उशिरा निघते तितका तो लहान होत जातो. काकांना शुगर निघाली होती साठीनंतर. हे सगळं त्यांना सांगितलं, कागदावर रेघ ओढून दाखवलं. त्यांनी चष्मा परत घातला आणि रेघेवर बोट ठेवून ‘मी इथे?’ असं विचारलं.

ती रेघ तशीच्या तशी पत्रकात गेली. जन्म, साठी, आज, आणि पुढे तुटक रेघ. जन्मापासूनची सरासरी पूर्ण काढून टाकली. असं पत्रक काढणाऱ्यांना एकच गोष्ट सांगायची झाली तर हीच सांगू: जन्मापासूनचं आयुर्मान आणि मधुमेहाने होणारी घट एका पानावर ठेवू नका.

‘सरासरी’ हा शब्द मात्र टिकला, पण त्याला आधार लागला. पहिल्या दोन फेऱ्यांत बऱ्याच जणांनी सरासरीचा अर्थ ‘प्रत्येकाचे सहा जातात’ असा घेतला. खरं तर एखाद्याचं एकही वर्ष जात नाही, एखाद्याची पंधरा जातात. आम्ही क्रिकेटचं उदाहरण दिलं, बायकांना ते लागू पडेना. पावसाचं दिलं, ते बरं चाललं. मग एका शेतकऱ्यानेच सुचवलं: पैसेवारी, म्हणजे गावात पीक किती आलं याचा सरकारी अंदाज. विदर्भात हे सांगावं लागत नाही. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळसदृश स्थिती धरतात. ती अख्ख्या गावाची असते. त्याच गावात विहीर असलेल्याचं शेत हिरवं असतं आणि बरडावरच्याचं जळालेलं असतं. गावाच्या पैसेवारीवरून माझ्या शेतात किती पिकलं ते कळत नाही, पण गाव कोणत्या अवस्थेत आहे ते कळतं, आणि विहीर खोदायची की नाही ते ठरवता येतं. पत्रकात हे पाच ओळींत आहे. शहरातल्या वाचकांसाठी शेजारी दुसरी चौकट केली: एचबीएवनसी हीसुद्धा तीन महिन्यांची सरासरीच, त्यात २५० चा दिवसही असतो आणि ९० चाही.

‘धोका दुप्पट’ तर पूर्ण काढला. शंभरात एकाचा दोन झाला तरी दुप्पट, आणि शंभरात वीसचा चाळीस झाला तरी दुप्पट. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच भयंकर वाटतात. त्याऐवजी ‘तुमच्यासारख्या १०० जणांपैकी पुढच्या दहा वर्षांत इतक्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात’ असं. यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २०१९ चे तक्ते आहेत, त्यात दक्षिण आशियाचा वेगळा तक्ता आहे. वय (४० ते ७४), लिंग, धूम्रपान, मधुमेह, वरचा रक्तदाब आणि एकूण कोलेस्टेरॉल एवढं लागतं. ५ टक्क्यांच्या आत, ५ ते १०, १० ते २०, २० ते ३० आणि ३० च्या वर असे पाच पट्टे निघतात. पत्रकात शंभर गोल छापले आहेत, समुपदेशक त्या माणसाच्या पट्ट्याप्रमाणे पेनाने भरतो. गोल आधी लाल-हिरवे केले होते. झेरॉक्समध्ये दोन्ही करडे झाले. आता रिकामा गोल आणि भरलेला गोल. आणि जेव्हा जेव्हा ‘१०० पैकी १५ जणांना’ असं म्हणायचं, तेव्हा त्याच दमात ‘८५ जणांना नाही’ हेही म्हणायचं.

पाच घटकांच्या पानावर काय चुकलं तेही सांगतो. आधी तिथे छापील मर्यादा होत्या: एचबीएवनसी ७ च्या आत, रक्तदाब १३० / ८० च्या आत, वगैरे. दुसऱ्या फेरीत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी आल्या. त्यांची शुगर दोनदा खाली जाऊन चक्कर आली होती, आणि पत्रक वाचून त्या गोळी वाढवायची का असं विचारत होत्या. वय झालेल्या, नाजूक माणसांसाठी डॉक्टर मुद्दाम सैल मर्यादा ठेवतात. म्हणून आता मर्यादेची जागा कोरी आहे आणि खाली लिहिलं आहे: ‘तुमचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या.’ लघवीच्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरापुरता आकडा ठेवला, ३० च्या आत. ही तपासणी बऱ्याच जणांची एकदाही झालेली नव्हती, म्हणून तिचं नाव ठळक केलं; नागपुरात आम्ही विचारलेल्या लॅबमध्ये ती ४०० ते ६०० रुपयांत होत होती. सकाळची पहिली लघवी दिलेली बरी. ताप असताना, लघवीला जळजळ होत असताना किंवा जोरात व्यायाम केल्यावर देऊ नये, आकडा खोटाच चढतो. एकदा वाढलेली आली तरी लगेच शिक्का मारून घ्यायचा नाही, तीन ते सहा महिन्यांत पुन्हा करायची.

विदर्भात आणखी एक ओळ लागतेच, आणि ती बाहेरून आणलेल्या कुठल्याही पत्रकात नव्हती. इथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक बरेच आहेत. सिकलसेलचा आजार असेल तर लाल पेशी लवकर मरतात आणि एचबीएवनसी खोटीच कमी येते. तिच्यावर विसंबता येत नाही. वाहक असेल तर लॅबचं यंत्र कोणत्या पद्धतीचं त्यावर अवलंबून असतं. रक्त फार कमी असेल किंवा नुकतंच चढवलं असेल तरी घोळ होतो. घरच्या ग्लुकोमीटरवर रोज २०० दिसतं आणि एचबीएवनसी ६.५ येते, असं जुळेनासं झालं की लॅबला विचारायचं आणि डॉक्टरांना सिकलसेलबद्दल आठवणीने सांगायचं. पाचपैकी एक चौकट खोट्या आकड्याने ‘ठीक’ भरली गेली तर सगळ्या हिशेबाला अर्थ नाही.

टाईप १ च्या मुलीची आई पहिल्या फेरीत चुकून आली होती. हे पत्रक टाईप १ ला चालत नाही. तिथले अभ्यास वेगळे, आकडे वेगळे, आणि वाचणारा माणूस बहुधा वीस वर्षांचा किंवा त्याचे आईवडील. म्हणून पहिल्या पानाच्या डोक्यावर ‘फक्त टाईप २ साठी’ हे सगळ्यांत मोठ्या अक्षरात आहे.

मार्च छपाईचा. अक्षर १४ पॉइंट, त्याहून लहान नको. डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेला वाचकही यात आहे. चकचकीत आर्ट पेपर ट्यूबलाईटखाली चमकतो आणि वाचता येत नाही, शिवाय त्यावर पेन घसरतं. १०० जीएसएम मॅपलिथो (साधा, न चमकणारा कागद) घेतला. ए-३ कागद, एक घडी, एक रंग. महालातल्या प्रेसमध्ये युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलला गेला आणि ‘होणाऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतला र तुटला. ‘पेक्षा कमी’साठी वापरलेलं चिन्ह तीन ठिकाणी गायब झालं आणि ‘३० च्या आत’चं नुसतं ‘३०’ उरलं. चिन्हं वापरूच नका, शब्दांत लिहा. आणि शक्यतो मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून, पीडीएफच द्या. पहिला प्रूफ कागदावर मागा, मोबाइलवरचा फोटो पुरत नाही. देवनागरी आकड्यांचीही एक गंमत नसलेली अडचण आहे: इंग्रजी शाळेत शिकलेल्या तरुण वाचकांना ‘१’ पटकन इंग्रजी नऊसारखा दिसतो. म्हणून महत्त्वाच्या सहा ठिकाणी आकड्यापुढे अक्षरातही लिहिलं, ‘१४ (चौदा)’.

१७ मार्चनंतर महाल भागात संचारबंदी लागली आणि प्रेस आठवडाभर उघडली नाही. गुढीपाडवा गेला. हजार प्रतींचे ७,२०० रुपये झाले, घडी घालण्याचे वेगळे ४००. समितीचं शुल्क, झेरॉक्स, तीन प्रूफ, फेऱ्यांसाठी आलेल्या लोकांचं येण्या-जाण्याचं भाडं आणि चहा-पोहे धरून सगळा खर्च १७,००० च्या थोडा वर गेला. लोकांचं भाडं अर्जातल्या अंदाजपत्रकात आधीच लिहावं; नंतर घुसवता येत नाही.

वापरताना एक क्रम हाताला बसला आहे. निदानाच्या दिवशी पत्रक द्यायचं नाही. त्या दिवशी माणूस ऐकत नसतो. दुसऱ्या भेटीत, तपासण्यांचे कागद समोर असताना, पहिल्या पानावरचा प्रश्न विचारायचा. ‘हो’ आलं तर आधी रेघ, मग गोल, मग आकडे, आणि उठण्याआधी पाच चौकटींपैकी एक, फक्त एक, पुढच्या तीन महिन्यांसाठी निवडायची. तंबाखू किंवा बिडी असेल तर तीच पहिली. ‘कधीच नको’वर खूण करणाऱ्याला पुढच्या भेटीत पुन्हा विचारायचं नाही, त्याने काढलं तरच बोलायचं, पण शेवटचं पान त्याच्याही फाईलला लावायचं.

शेवटच्या पानाच्या तळाशी दोन ओळी आहेत. पहिलीत छापल्याचा महिना आणि ‘हे आकडे मार्च २०२७ ला पुन्हा तपासायचे’ असं. दुसरी ओळ कोरी आहे, तिच्या सुरुवातीला एवढंच छापलं आहे: ‘पुढच्या वेळी विचारायचं आहे:’